टू पॉइंट वनचा सेट की जोडी आणि वेगळा सब?

वीस हजाराच्या आत गाणी ऐकायला काय घेऊ असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात, आणि प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो. टू पॉइंट वनचा, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालच्या जाड आवाजासाठी एक सबवूफर असा तयार सेट घ्यायचा, की आधी अ‍ॅम्प्लिफायर आत असलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी घ्यायची आणि पैसे जमले की सबवूफर वेगळा जोडायचा? मी दोन्ही घरात ठेवून ऐकलंय. सेट आता पुतण्याकडं गेलाय आणि जोडी माझ्याकडं आहे, म्हणजे कल कुठं आहे ते कळलंच असेल, पण सेट टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही.

टीव्ही, मॅच, पिक्चर आणि गणपतीत घरी पाहुणे असताना लावायची गाणी एवढंच असेल तर सेट घ्या. एक रिमोट, एक प्लग, खोक्यातून काढून अर्ध्या तासात चालू. त्याच पैशात दणका जोडीपेक्षा जास्त मिळतो हे मान्यच करायला पाहिजे. इथं बेळगावात गणपत गल्लीत कुठल्याही दुकानात गेलात तर तेच लावून दाखवतात, कारण दुकानाच्या गोंगाटात तेच उठून दिसतंय.

माझं ऐकणं वेगळं आहे. आमच्या शहापुरात गल्लीत घराला घर लागून, एकच भिंत दोघांची, त्यामुळं रात्री दहानंतर आवाज बारीकच ठेवायचा. आणि ऐकायचं काय तर जास्त करून शास्त्रीय. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, त्यांचं गाणं ऐकताना मागचे तानपुरे नीट ऐकू आले नाहीत तर निम्मं गाणं गेलंच म्हणायचं. आता काळी एकला गाणारा पुरुष गायक धरला तर त्याचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. सेटमधले ते तीन इंची छोटे स्पीकर १५०च्या खाली फारसं काही देत नाहीत, तिथून खालचं सगळं सबवर टाकलेलं असतंय. आणि खालचा आवाज कुठनं येतोय हे कानाला कळत नाही म्हणतात ते साधारण ८० हर्ट्झच्या खालीच खरं आहे, १५०ला चांगलं कळतंय. माझा सब टेबलाखाली उजव्या कोपऱ्यात होता. डग्ग्यावर मनगट घासून वादकानं आवाज खालून वर नेला की सुरुवात टेबलाखाली आणि शेवट टेबलावर, असं दर आवर्तनाला. एकदा कानानं पकडलं की मग ते सुटत नाही.

तरी तेवढ्यासाठी मी सेट काढला नसता. काढला तो आपोआप झोपण्यामुळं. बऱ्याच सेटमध्ये अ‍ॅम्प्लिफायर सबच्या खोक्यातच असतोय आणि तो आत येणारा सिग्नल बघत बसतो. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली काही मिनिटं राहिला की त्याला वाटतं कोण ऐकत नाही, आणि बंद. युरोपियन युनियनच्या नियमात २०१३ पासून अशी उपकरणं वापर नसला की आपोआप स्टँडबायला जायला पाहिजेत असं आलंय, आणि कंपन्या बहुतेक एकच मॉडेल जगभर विकतात, त्यामुळं ते आपल्याकडंही आलं. वीज वाचते, चांगलंच आहे. पण रात्री बारीक आवाजात विलंबित चाललंय, जुनं रेडिओचं रेकॉर्डिंग, ते मुळातच हळू भरलेलं, आणि ऐन आलापात टक् करून हिरवा दिवा लाल. पुढं गायकानं जरा आवाज चढवला की परत टक्, आणि जागं होईपर्यंत दोन-तीन सेकंद गेलेली. समेवर येतानाची नेमकी ती दोन-तीन सेकंद. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून सेटचा कमी करा, हा उपाय बरोबर आहे, त्यानं सिग्नल मोठा जातो आणि फरक पडतोच. पण जुन्या रेकॉर्डिंगला तोही पुरला नाही, आणि ती सोय बंद करायचं बटण माझ्या सेटला नव्हतंच.

जोडीत हे दुखणं निम्मं आपोआप जातंय. चार इंची वूफर असला तर तानपुरा आणि डग्गा बराचसा त्याच स्पीकरमधून येतो, सब नसला तरी गाणं पुरं वाटतंय. पखवाज किंवा ऑर्गन लावला की मग सबची आठवण होते. सब-आउट, म्हणजे सबची वायर जोडायची जागा, मागं आहे का ते मात्र घेतानाच बघा. एडिफायर कंपनीच्या आर१२८०डीबीला ते नाही, आर१२८०डीबीएसला आहे, नावात एका अक्षराचा फरक आणि दुकानदारही कधी कधी एकाच्या जागी दुसरं देतात. जोडीचे तोटे पण आहेत: सगळं मिळून खर्च जास्त, प्लग दोन, सबचा आवाज कमी-जास्त करायला उठून मागं हात घालायचा.

आणि वेगळा सबही झोपतो बरं का. फक्त चांगल्या सबच्या मागं ऑन आणि ऑटो असा स्विच असतो, तो ऑनवर टाकला की संपलं. रिकामा चालू राहून समजा १० वॅट खाल्ले तर महिन्याला ७ युनिट होतात, मी झोपताना सरळ बोर्डावरनंच बंद करतो. काही स्वस्त सबना नुसतंच ऑटो असतंय, ते कितीही स्वस्तात मिळू दे, मी घेणार नाही. क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचं सबनं वाजवायचं ते ठरवणारं, ७०च्या आसपास ठेवून बघा, कारण अशा बहुतेक जोड्या सब जोडला तरी स्वतःचा बास कापत नाहीत, वर ठेवलात तर दोन्हीकडनं तोच आवाज येऊन डग्गा सुजतो.

आपल्याकडच्या पावसाचं पण बघा, खानापूरकडं राहणाऱ्यांनी तर जास्तच. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांनी भुगा होऊन पडते, रबराची टिकते. दुकानात जाळी काढून बोटानं हलकं दाबलं की कळतंय. घरात अर्थिंग धड नसेल तर सब जोडल्यावर बारीक हूं येऊ शकतो, दोन्ही प्लग एकाच बोर्डात घातले तर बऱ्याचदा जातो.

दहा बाय बाराच्या खोलीला आठ इंची सब भरपूर होतो. एकदम सगळं घ्यायची घाई नसेल तर आधी जोडी आणून आपल्या खोलीत रोजची गाणी ऐका. कितीतरी जणांना पुढं सब लागतच नाही, आणि लागलाच तर दुकानदाराला आधी तो उलटा फिरवून मागची बाजू दाखवायला सांगा.