ब्रेक पेडल मऊ लागतंय? ‘मास्टर गेलाय’ म्हणणाऱ्यापासून सावध

ब्रेकचं पेडल स्पंजसारखं दबतंय म्हणून गाडी गॅरेजला लावायची आणि ‘मास्टर गेलाय’ (म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर बिघडलाय) हे ऐकून हजारो रुपये मोजून यायचं, हा प्रकार कोल्हापुरात वरचेवर कानावर येतो. करूळ घाट करून आलेल्या एका गाडीला तर आधी मास्टर सिलिंडर आणि मग पायाच्या जोराला हातभार लावणारा बूस्टरही बदलायला लावला. पेडल होतं तसंच राहिलं. ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा होती, ती शेवटपर्यंत नीट काढलीच नव्हती.

फसवायची रीत ठरलेली आहे. इंजिन बंद असताना गिऱ्हाइकाला पेडल चार-पाच वेळा दाबायला लावतात. ते कडक होतं. मग पाय तसाच ठेवायला सांगून गाडी स्टार्ट करतात. पेडल जरासं खाली सरकतं आणि मिस्त्री म्हणतो, “बघा साहेब, बसतंय का नाही? मास्टर गेलाय.” हे धादांत खोटं आहे. इंजिन सुरू झालं की बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो, त्यामुळं पेडल थोडं खाली जायलाच पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर तपासायचा.

मास्टर खरंच गेलाय का, हे बघायचं तर इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू तळाला जात राहिलं आणि चाकांपाशी, पाइपांवर कुठं ओल नसेल, तर मास्टरचे सील गेलेत. पहिल्या दाबाला मऊ आणि पटापट दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ढिले आहेत. शू आधी ॲडजस्ट करायचे. फक्त घाट उतरताना मऊ आणि गाडी थंड झाल्यावर ठीक, असं असेल तर ब्रेक ऑईल जुनं झालंय. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑईल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हद्द 155 पर्यंत उतरते. आत वाफ झाली की पाय खाली गेलाच. म्हणून ऑईल दोन वर्षांनी बदलायचं.

हवा काढायला दोन माणसं, निपलला (चाकापाशी हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) नेमका बसणारा रिंग पाना (बहुतेक 8 किंवा 10 मिमी), पारदर्शक नळी आणि तळाशी ऑईल असलेली बाटली लागते. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुतेक वेळा मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तरी क्रम मॅन्युअलमध्ये बघाच. एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव ते अर्धा फेरा उघडून बंद करायचं, मगच पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय सुटला की नळीवाटे हवा परत आत. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं आणि मधेमधे टाकी भरायची. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडल पार तळाला दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टरच्या गंजलेल्या भागावर घासून चांगले सील फाटतात आणि मग मास्टर खरोखरच जातो. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावूनच ती निघते. ‘स्कॅनर लावला’ असं बिलात असेल तर तो लावताना समोर उभे राहा.

ऑईलचा सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. उघडा डबा नको. फक्त वरची टाकी भरून ‘ऑईल बदललं’ लिहिणारेही आहेत, पण मागच्या निपलातून काळं ऑईल निघत असेल तर काहीच बदललेलं नाही. मास्टर बदललाच तर जुना पार्ट आणि नव्याचा खोका मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. गॅरेजवाला दाद देत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगातही दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथं तो जुना पार्ट आणि बिल दोन्ही लागतील.