क्लेम करून देणारा माणूस टेम्पोवाल्यानेच आणला होता

20 ऑगस्ट 2025, संध्याकाळचे साडेसहा. कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नल लाल होता आणि मी स्कूटी थांबवून उभी होते. पायाशी पिशवीत गणपतीसाठी शिवायला आलेले नऊ ब्लाऊजपीस होते. मागून टेम्पोने धडक दिली आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

ड्रायव्हर पळून गेला नाही. त्याने मला उचललं, रिक्षात बसवलं. सीपीआर हे सरकारी रुग्णालय तिथून जवळच. अर्ध्या तासात टेम्पोचा मालकही हजर झाला. "वैनी, चूक आमचीच हाय. दवाखान्याचं सगळं मी बगतो. पोलिसात कशाला जाताय, हेलपाटे तुमालाच हुतील." असं म्हणून त्याने माझ्या मिस्टरांच्या हातात आठ हजार रुपये ठेवले. माणूस चांगला आहे असं आम्हाला वाटलं आणि आम्ही तक्रार दिली नाही.

मनगटाला प्लॅस्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. मागून धडक बसली की मानेला झटका बसतो आणि ते दुखणं पुष्कळदा त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. मी घरीच शेक घेत बसले. तेव्हाच परत जाऊन केसपेपरवर मानेची नोंद करून घ्यायला हवी होती. कागदावर माझ्या मानेला काही झालंच नव्हतं, आणि ते आज मला जड जातंय.

चौथ्या दिवशी मालक आमच्या घरी आला, सोबत एक जण. हातात निळी फाइल. "हे क्लेमची कामं करत्यात, माझ्या ओळखीचे हाईत," अशी ओळख करून दिली. समोरच्या पार्टीनेच आणलेला माणूस आपलं काम कसं करेल, हा साधा प्रश्न त्या दिवशी घरातल्या एकालाही सुचला नाही. तो माणूस म्हणाला, "मी वकील साहेबांचा माणूस. इन्शुरन्सकडनं तीन लाख काढून देतो. मिळाल्यावर पंचवीस टक्के माझे. आत्ता फकस्त साडेसहा हजार फाइल खर्च." त्यातलं एक वाक्य मला आता रोज आठवतं. "पोलीस केस केलीसा तर कंपनी क्लेम देत न्हाई." हे पूर्ण उलटं आहे. अपघाताची पोलिसात नोंद असली की तुमच्या दाव्याला बळ येतं.

त्याने मूळ केसपेपर घेतले, एक्स-रेची फिल्म घेतली, औषधांची बिलं घेतली. "ओरिजनलच लागतंय." मग तीन कोरे कागद आणि 500 रुपयांचा एक कोरा स्टॅम्प पुढे केला. उजव्या हाताला प्लॅस्टर, म्हणून मी डाव्या हाताने सही केली. नावातलं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. तो म्हणाला, "चालतंय, चालतंय."

पुढचे चार महिने फोन. "फाइल मुंबईला गेलीया." "साहेब रजेवर हाईत." दिवाळीत त्याने क्लेम नंबर लिहिलेला एक छापील कागद आणून दिला, वर विमा कंपनीचा शिक्का. मी तो कागद देवघरात ठेवला होता. गणपती आणि दिवाळी या दोन सणांवर माझं वर्ष चालतं. ते दोन्ही हंगाम गेले, आणि या कागदावर आम्ही घर ओढत होतो.

जानेवारीत माझी एक गिऱ्हाईक, कोर्टात नोकरी करणारी, माप द्यायला आली आणि हाताकडे बघून विचारलं. सगळं ऐकून तिने फोन काढला आणि परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाकला. नंबर मिस्टरांनी त्याच दिवशी फोटोत घेतला होता, ते एक बरं झालं. विम्याची मुदत 11 ऑगस्टला संपलेली. माझा अपघात 20 ऑगस्टचा. म्हणजे ज्या विम्याचा क्लेम पाच महिने "प्रोसेसमध्ये" होता, तो विमा अपघाताच्या दिवशी नव्हताच.

मग मालकाची माणुसकी समजली. विमा नसला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. गुन्हा नोंदला असता तर टेम्पो जप्त झाला असता, आणि विमा नसलेली गाडी तारण भरल्याशिवाय सुटत नाही. ते आठ हजार टेम्पो रस्त्यावर ठेवण्याची किंमत होती.

कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं, म्हणून मुद्दाम लिहिते. तिथल्या वकील ताईंनी माझं नाव टाकून शोधलं. माझ्या नावाने कुठेही, काहीही दाखल नव्हतं.

त्यांनी समजावलेलं माझ्या शब्दांत सांगते. दुसऱ्याच्या गाडीने आपल्याला मार लागला तर भरपाई त्याच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. आपल्या स्वतःच्या थर्ड पार्टी विम्यातून आपल्या दुखापतीचे पैसे मिळत नाहीत. आपल्या पॉलिसीला जोडलेलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच असतं, पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. मोडून जुळलेल्या मनगटाला त्यातून काही येत नाही. दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली लावायचा. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, म्हणून आपली तक्रार त्याच दिवशी गेलेली बरी. आणि दावा लावायची मुदत अपघातापासून सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासूनची ही मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. वकिलाने मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. "पंचवीस टक्के" हा शब्द ऐकल्याबरोबर मी त्याला दारातून परत पाठवायला हवं होतं.

माझ्या हातात एक महिना उरला होता. कागद एकही नाही. वाचवलं ते सीपीआरमधल्या एमएलसी नोंदीने, म्हणजे अपघातासारख्या पोलीस प्रकरणाची दवाखान्यात होणाऱ्या नोंदीने. "सिग्नलला थांबले असताना मागून टेम्पोची धडक" हे त्यात त्याच दिवशी लिहिलेलं होतं. अर्ज करून त्याची नक्कल मिळाली, केसपेपरची मिळाली, त्यावर पोलिसांत उशिरा का होईना गुन्हा नोंदला गेला. कमाईचा पुरावा म्हणून मी ऑर्डरची वही दिली, गिऱ्हाइकांची नावं, मापं, तारखा, शिलाईचे पैसे, तीन वर्षांचं सगळं. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांनी अशी वही जपून ठेवावी.

पोलिसांनी बोलावल्यावर टेम्पो मालकाने एक करारपत्र पुढे केलं. "मला 70,000 रुपये रोख मिळाले, माझी काही तक्रार नाही, पुढे दावा करणार नाही." खाली माझी सही. तारीख 30 ऑक्टोबर. मालक शपथेवर सांगत होता की त्याने सत्तर हजार त्या माणसाला माझ्यासाठी दिले. ते खरं असेलही. माझ्यापर्यंत एक रुपया आला नाही.

वकील ताईंनी तो कागद हातात घेतला आणि आधी पालटून मागची बाजू बघितली. स्टॅम्प विक्रेत्याच्या शिक्क्यात विक्रीची तारीख 23 ऑगस्ट आणि घेणाऱ्याचं नाव टेम्पो मालकाचं. मग सही बघितली. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं, डाव्या हाताचं. माझं प्लॅस्टर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघालं होतं, आणि 28 ऑक्टोबरला बँकेच्या स्लिपवर मी उजव्या हाताने सही केली होती. ती स्लिप आम्ही शोधून काढली आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या.

9 फेब्रुवारी 2026 ला माझा दावा दाखल झाला, मुदतीला दहा-अकरा दिवस राहिले असताना. आता मालकाविरुद्ध आणि ड्रायव्हरविरुद्ध तो चालू आहे. त्या निळ्या फाइलवाल्यावर फसवणुकीची वेगळी तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. माझी एक्स-रेची फिल्म अजून त्याच्याकडेच आहे. मशीनवर मी बसते, पण हुक आणि काजं नणंद करते, बोटांत तेवढी पकड आलेली नाही.

मी तक्रारीच्या कामाला परत गेले तेव्हा बाकावर आणखी एक जण त्याच माणसाविरुद्ध अर्ज घेऊन बसले होते, पाय मोडलेले, काठी टेकून. त्यांनाही क्लेम नंबरचा तसाच छापील कागद दिला होता. त्यांच्या अपघाताला सात महिने झाले होते.