‘ट्रू आरएमएस’चं स्टिकर आणि ११५ व्होल्ट

दुकानदाराने सॉकेटमध्ये प्रोब घालून २३० दाखवले, एवढ्यावर टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर) ‘ट्रू आरएमएस’ आहे, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लाटेचं खरं परिणामी मूल्य मोजतो, असं धरून चालू नका. मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका दुकानात ‘ट्रू आरएमएस’चं स्टिकर लावलेला टेस्टर घेताना मला हेच करून दाखवलं. शेजारी नावाजलेल्या कंपनीचा मीटर ठेवला, दोन्हींवर २३१. “बघा साहेब, आकडा तोच आणि किंमत निम्मी.” मी बत्तीसशे मोजले.

मेख अशी, की या चाचणीत खोटा मीटर सापडूच शकत नाही. साइन वेव्हची, म्हणजे गुळगुळीत वर-खाली होणाऱ्या लाटेची, आरएमएस किंमत शिखराच्या ०.७०७ पट असते आणि खालचा अर्धा भाग वर उलटवून काढलेली सरासरी ०.६३७ पट. दोघांचं गुणोत्तर १.११. स्वस्त मीटर वर्ग, वर्गांची सरासरी, मग वर्गमूळ या भानगडीत पडतच नाही. तो सरासरी मोजतो, १.११ ने गुणतो आणि स्क्रीनवर टाकतो. घरातली लाइन साधारण साइनच असते, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. पाठांतरावर पास झालेला पोरगा, गणितातले आकडे बदलले की उघडा पडतो, तसंच.

आमचं गणित बदललं एका क्लासच्या कॉम्प्युटर रूममध्ये. दहा अँपियरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), नवा टेस्टर दाखवतो साडेनऊ, आणि पाऊण तासात एमसीबी खाली. क्लासचे सर म्हणाले, एमसीबी डुप्लिकेट असणार. ती बदलली, तरी तेच. शेवटी मित्राचा खात्रीचा मीटर आणून त्याच वायरला अडकवला, तर पंधरा अँपियर! कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय करंट सलग घेत नाहीत, व्होल्टेजच्या शिखराजवळ झटक्याने ओढतात. अशा टोकदार करंटची सरासरी कमी भरते आणि आरएमएस जास्त. वायर आणि एमसीबी तापतात ते आरएमएसने. टेस्टरच्या भरवशावर कुणी बारीक वायर ओढली असती तर काय झालं असतं, सांगायला नको.

घरी आल्यावर डिमरवर, म्हणजे लाटेचा भाग कापून उजेड कमी करणाऱ्या बटणावर, शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि मित्राच्या मीटरवर १६३ येईपर्यंत बटण फिरवलं. म्हणजे प्रत्येक अर्ध्या लाटेचा पहिला अर्धा भाग कापलेला. २३० भागिले वर्गमूळ दोन, बरोबर १६३. माझ्या टेस्टरवर ११५ च्या आसपास. हिशेब करून बघा: शिखर ३२५, कापलेल्या लाटेची सरासरी ३२५ भागिले पाय म्हणजे १०३.५, गुणिले १.११ म्हणजे ११५. आकडा इतका चपखल जुळला की शंकेला जागाच उरली नाही. हीटर जोडला असता तर खरी उष्णता निम्मी, आणि ११५ वरून हिशेब मांडला तर चौथाई.

मग स्टिकर नखाने उचकटलं. खाली छापील नाव होतं, त्यात ‘ट्रू आरएमएस’ कुठेच नव्हतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मात्र प्रामाणिकपणे छापलेलं: ॲव्हरेज सेन्सिंग, साइन वेव्हच्या आरएमएसनुसार कॅलिब्रेटेड. म्हणजे मीटर बनवणाऱ्याने लपवलं नव्हतं, स्टिकर मधल्या कुणीतरी चिकटवलेलं.

डिमर आणि बल्ब पिशवीत घालून दुकानात गेलो. “डिमरवर कोण मोजतं हो?” असं म्हणून त्याने बिलाकडे बोट दाखवलं. बिलावर फक्त ‘डिजिटल क्लॅम्प मीटर, १ नग’.

तेव्हा घ्यायचाच असेल तर ‘ट्रू आरएमएस’ हे शब्द मॉडेल नंबरासकट बिलावर लिहून घ्या आणि माहितीपत्रकाचं तांत्रिक पान दुकानातच उघडा. डिमर नेणं जमत नसेल तर जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाट देणारा) इन्व्हर्टरही चालतो. तिथे सरासरीवाला मीटर उलट अकरा टक्के जास्त दाखवतो, २२० चे २४४. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. उचकटलेलं स्टिकर, ते शेवटचं पान आणि दोन्ही मीटर एकाच डिमरवर लावलेला फोटो पुरावा म्हणून ठेवले आहेत. टेस्टर सध्या फक्त सॉकेटमध्ये लाइन आहे की नाही, एवढंच बघायला वापरतो.