सर्व्हर फास्ट, पण दोन साइटचं सगळं एकाच डब्यात

कोथरूडच्या एका हॉस्टिंगवाल्याकडे वर्षभरापासून एकाच डोमेनखाली दोन फोल्डरमधे दोन साइट आहेत, एक भावाच्या फरसाणच्या दुकानाची, दुसरी वहिनीच्या शिवणक्लासची. स्पीड मस्त, तक्रार नाही. पण परवा दुकानाच्या साइटला लॉगिन केलं आणि क्लासची साइट उघडली तर तिथे थेट अ‍ॅडमिन! दोन्हीकडे सेशनचं (कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणारी नोंद) नाव तेच पीएचपीचं (साइट ज्या भाषेत लिहिल्यात ती) ठरलेलं, कुकीचा (ब्राउझरमधली ओळखचिठ्ठी) पाथ अख्ख्या डोमेनचा, सेव्ह पाथ (सेशनच्या फायली ठेवायची जागा) एकच, आणि युजर आयडी दोघांचा १, मग काय होणार. सपोर्टला फोन केला तर म्हणे कॅशे क्लिअर करा. अहो दादा, कॅशेचा काय संबंध!

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्यातलाच एक सिनियर पोरगा भेटला, त्याने दोन्ही साइटला सर्व्हरवर वेगळा युजर आणि वेगळा एफपीएम पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा स्वतंत्र गट) दिला, सेव्ह पाथ वेगळे केले, सेशनची नावं आणि कुकीचा पाथ बदलायला मला सांगितलं. अर्ध्या तासात काम झालं, आणि अर्ध्यातच दुकानाचे ग्राहक लॉगआउट व्हायचे तेही थांबलं, कारण क्लासच्या साइटची, १४४० सेकंदांहून जुन्या सेशन फायली पुसणारी सफाई दुकानाच्याही फायली उडवत होती. पैसे घेतले नाहीत. ३ स्टार, तो पोरगा नसता तर १.