डेझर्टेशनला गोवा आणि परराष्ट्र धोरण: 1961 घ्यायचं, 1983 की 2016?

राज्यशास्त्रात किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करणाऱ्या गोव्यातल्या विद्यार्थ्याने भारताच्या परराष्ट्र धोरणावर काहीतरी करायचं म्हटलं, की गाइडचा सल्ला बहुधा ठरलेला असतो: गोव्याशी जोडून बघ. सल्ला चांगला आहे. दिल्लीचं परराष्ट्र धोरण गोव्याच्या भूमीवर चार वेळा तरी ठळकपणे उतरलं आहे: 1961 ची मुक्ती, 1983 ची राष्ट्रकुल प्रमुखांची बैठक, 2016 ची ब्रिक्स शिखर परिषद आणि 2023 ची शांघाय सहकार्य संघटनेची परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. शीर्षकात चारही विषय सारखेच भारदस्त दिसतात. हात घातल्यावर कळतं की एका ठिकाणी कागदांचे ढीग आहेत पण भाषा येत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी भाषा सोपी आहे पण कागदच नाहीत.

मी विषय तोलताना एकच प्रश्न विचारतो. छापील जाहीरनाम्यात जे आलं नाही, ते का आलं नाही हे पुराव्यानिशी सांगता येईल का? येत असेल तर प्रबंध होतो. नाहीतर वर्तमानपत्रांच्या कात्रणांना प्रकरणांची नावं देऊन सब्मिशन उरकावं लागतं.

1961 कडे सगळे आधी धावतात. घरी आजोबांकडून ऐकलेलं असतं, पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. पण मुक्तिसंग्राम हा एक विषय आणि मुक्तीभोवतीचा राजनय हा दुसरा. इथे गल्लत झाली की पहिली दोन प्रकरणं सत्याग्रहात जातात आणि संयुक्त राष्ट्रं यायच्या आत शब्दमर्यादा संपते. राजनयाचा धागा वेगळा आहे. भारताने 1953 मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. 1955 च्या ऑगस्टमध्ये संबंध पुरते तुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीला जाण्यायेण्याच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. एप्रिल 1960 चा निकाल दोघांनाही आपापल्या सोयीने वाचता येईल असा होता: नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता हक्क मान्य, सैन्याला नाही, आणि 1954 मध्ये वाट अडवून भारताने काही बेकायदा केलं असंही नाही. मग डिसेंबर 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या वसाहतींची यादीच केली आणि तीत गोवा घातला. लिस्बन म्हणत होतं, हे आमचे प्रांत आहेत, वसाहती नव्हेत. ती भूमिका कागदावर तिथेच ढासळली.

ह्या विषयातला सगळ्यांत भरीव तुकडा म्हणजे 18 डिसेंबर 1961 चा सुरक्षा परिषदेतला दिवस. बैठक क्रमांक 987 आणि 988. इतिवृत्तं इंग्रजीत आहेत, फुकट मिळतात, आणि ती वाचल्याशिवाय ह्या विषयावर एक ओळही लिहू नये असं माझं मत आहे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव होता: तात्काळ शस्त्रसंधी आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. अकरा सदस्यांपैकी सात बाजूने, चार विरुद्ध. विरोधातल्या चारांत सोव्हिएत संघ होता, त्यामुळे नकाराधिकाराने ठराव पडला. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. त्याच बैठकीत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) यांनीही एक ठराव मांडला होता, पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा. तोही पडला: चार बाजूने, सात विरुद्ध. म्हणजे बहुमत भारताच्या बाजूने नव्हतंच. चिली आणि इक्वेडोर, स्वतः एके काळी वसाहती असलेले देश, दोन्ही वेळा पाश्चात्त्यांबरोबर गेले. का गेले? पूर्ण प्रबंधाला पुरेल असा हा प्रश्न आहे, आणि गोव्यात बसून कुणी तो विचारलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या रात्री संयुक्त राष्ट्रांच्या मरणाच्या नाटकाचा हा पहिला अंक ठरू शकतो, असं म्हटलं होतं. उद्धृत करायला सगळ्यांना हेच वाक्य सापडतं, म्हणून सांगतो, त्याच्या पलीकडे जा.

साधनं भरपूर आहेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या जुन्या कागदपत्रांचे खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत. 1961 ते 63 च्या दक्षिण आशियाच्या खंडात, म्हणजे एकोणिसाव्या खंडात, दिल्लीतले राजदूत गॅलब्रेथ यांच्या तारा आहेत. नेहरूंचं निवडक वाङ्मयही ऑनलाइन आहे. पणजीत पुराभिलेख खातं आहे आणि पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. पण खरा माल लिस्बनला आहे, पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझारच्या कागदांत आणि तिथल्या परराष्ट्र खात्याच्या दफ्तरात, आणि तो पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज येत नसेल तर 1961 वरचा तुमचा प्रबंध दिल्ली आणि वॉशिंग्टनचा प्रबंध होईल. एम.ए.ला तेवढं चालतं. पीएच.डी.ला चालणार नाही. ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे त्यांनी आत्ताच ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, पोर्तुगीजच्या वर्गाला नाव घालावं, एका सेमिस्टरमध्ये दफ्तर वाचण्याइतकी भाषा येत नसते.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक वाढीव फायदा आहे. सालाझारच्या सेन्सॉरशिपमुळे गोव्यात ह्या विषयावर मोकळेपणाने छापता येत नव्हतं, आणि दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाला तो मुक्तीनंतर, मार्च 1962 मध्ये. त्यामुळे मराठीतली सगळी घासाघीस पुण्या-मुंबईच्या पत्रांत झाली. गोवा विमोचन सहायक समिती पुण्याची. 1955 च्या मे महिन्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन आले ते नानासाहेब गोरे. नेहरूंच्या सबुरीच्या धोरणावर मराठी पत्रांतून झालेली टीका इंग्रजी पुस्तकांत फारशी येत नाही.

आता 2016. हा विषय मोहात पाडतो, कारण सगळं ताजं आहे, व्हिडिओ आहेत, मोदी, पुतिन, शी जिनपिंग, ब्राझीलचे टेमेर, दक्षिण आफ्रिकेचे झुमा सगळे बाणावलीच्या ताजमध्ये आलेले. तारखा 15 आणि 16 ऑक्टोबर. महिन्याभरापूर्वीच, 18 सप्टेंबरला, उरीचा हल्ला झाला होता आणि महिनाअखेरीस सर्जिकल स्ट्राइक. भारताला ब्रिक्सच्या तोंडून पाकिस्तानातल्या संघटनांची नावं घ्यायला लावायची होती. पंतप्रधानांनी भाषणात दहशतवादाची जननी आपल्या शेजारात असल्याचं सांगितलं. शंभराहून जास्त परिच्छेदांच्या गोवा जाहीरनाम्यात दहशतवादाचा निषेध आहे, आयसिसचं नाव आहे, जबहत अल-नुसराचं आहे. जैश-ए-मोहम्मद आणि लष्कर-ए-तैयबाचं नाही. त्यावर एकमत होऊ शकलं नाही, हे परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांनीच पत्रकारांना सांगितलं.

गोव्याचा मजकूर एकटा वाचला तर एवढंच हाती लागतं: चीन आडवा आला. म्हणून त्याच्या शेजारी सप्टेंबर 2017 चा शियामेन जाहीरनामा ठेवा. परिषद चीनच्या भूमीवर, डोकलामचा भारत-चीन तिढा सुटल्याला जेमतेम आठवडा झालेला, आणि परिच्छेद 48 मध्ये लष्कर-ए-तैयबा, जैश-ए-मोहम्मद, हक्कानी नेटवर्क अशी सगळी नावं आहेत. त्याच यादीत ईस्ट तुर्किस्तान इस्लामिक मूव्हमेंट हे नावही आहे, जे यादीत असण्यात चीनला रस. यजमान भारत असताना जे जमलं नाही ते यजमान चीन असताना झालं! देवाणघेवाण कशी झाली असेल ह्याचा अंदाज त्या यादीवरून बांधता येतो, आणि दोन मसुद्यांची ओळीला ओळ लावून तुलना हा एम.ए.च्या आवाक्यातला, पद्धतशीर विषय आहे. जैशचा म्होरक्या मसूद अजहरला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकायला मात्र 1 मे 2019 उजाडलं. हा तिसरा टप्पा धरला तर प्रकरणं आपोआप पडतात.

पण अंदाजाच्या पुढे जाता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. आतले कागद मिळणार नाहीत. माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(अ) मध्ये परदेशांशी असलेल्या संबंधांना सूट आहे, आणि वीस वर्षांनंतर माहिती खुली करण्याची कलम 8(3) ची सोयही ह्या कलमाला लागू होत नाही. तेव्हा परराष्ट्र खात्याला अर्ज टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. राज्य सरकारने रस्त्यांवर, बंदोबस्तावर, सुशोभीकरणावर काय खर्च केला हे विचारायचं असेल तर तो अर्ज चालेल, आणि गोवा विधानसभेतली तारांकित प्रश्नांची उत्तरंही कामाला येतील. फक्त तो मग लोकप्रशासनाचा प्रबंध होतो. वाईट नाही, पण गाइडशी आधी बोलून घ्या.

एक धोका सांगायला हवा. गोव्यात 15 ऑक्टोबरला रशियाबरोबर एस-400 क्षेपणास्त्र यंत्रणेचा करार झाला. ती द्विपक्षीय भेट होती, ब्रिक्सचा भाग नव्हे. विद्यार्थी हे दोन्ही एका प्रकरणात कोंबतात आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

2023 बद्दल फार लिहावंसं वाटत नाही. मे महिन्यात बाणावलीलाच शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री आले. बिलावल भुट्टो आले, 2011 नंतर पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री पहिल्यांदा भारतात, आणि जयशंकर यांनी हस्तांदोलन न करता नमस्कार केला. दोन दिवस वाहिन्यांना तेवढं पुरलं. संघटनेचा शिरस्ताच असा की द्विपक्षीय भांडणं टेबलावर आणायची नाहीत. ती बाहेर पत्रकारांसमोर निघाली. बैठकीत खरं काम होतं इराण आणि बेलारूसच्या सदस्यत्वाची वाट मोकळी करण्याचं. नेत्यांची शिखर बैठक तर जुलैमध्ये ऑनलाइन उरकली. माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्याला नमस्काराचं वार्तांकन हा झकास विषय आहे. परराष्ट्र धोरणाच्या विद्यार्थ्याने वळसा घालून जावं. त्याच वर्षी जी-20 च्याही बैठका गोव्यात झाल्या, त्यांनाही तेच लागू.

राहिला 1983, जो कुणीच घेत नाही. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत होती आणि मधल्या रिट्रीटला, म्हणजे अनौपचारिक बैठकीला, सगळे नेते गोव्यात आले: इंदिरा गांधी, ब्रिटनच्या थॅचर, कॅनडाचे पियरे त्रुदो, ऑस्ट्रेलियाचे हॉक, सिंगापूरचे ली क्वान यू. सिकेरीला आग्वाद किल्ल्यालगतच्या टेकडीवर त्यांच्यासाठी कॉटेजेस बांधली गेली. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. इथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा गोवा जाहीरनामा निघाला, अण्वस्त्रस्पर्धेबद्दल काळजी आणि त्रुदोंच्या शांतता प्रयत्नांना पाठिंबा असा.

काळ बघा. महिन्याभरापूर्वी अमेरिकेने ग्रेनाडावर आक्रमण केलं होतं, आणि ग्रेनाडा राष्ट्रकुलाचा सदस्य. कॅरिबियन देशांत उभी फूट: जमैका, बार्बाडोस, डॉमिनिका अमेरिकेबरोबर गेलेले, त्रिनिदाद आणि गयाना विरोधात. थॅचरबाई रेगनवर आतून चिडलेल्या, पण उघडपणे मोडायची तयारी नाही. इंदिराबाई राष्ट्रकुलाच्या यजमान आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून अलिप्ततावादी चळवळीच्या अध्यक्षाही. दोन टोप्या एकाच डोक्यावर. आता गोवा जाहीरनामा आणि दिल्लीचं संयुक्त निवेदन शेजारी ठेवा आणि ग्रेनाडा कुठे, किती आणि कुणाच्या सोयीने येतो ते बघा. 2016 ला आपण जो प्रश्न विचारला तोच इथेही आहे, फरक इतकाच की इथे कागद खुले झाले आहेत. थॅचर यांच्या कारकिर्दीतली बरीच कागदपत्रं त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर आहेत, ब्रिटिश राष्ट्रीय दफ्तरातही आहेत. मराठीतून ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’ चाळता येतात. रिट्रीटमध्ये अधिकारी दूर ठेवायची प्रथा असल्याने शब्दन् शब्द कुठे मिळणार नाही, नोंदी जुळवाव्या लागतील. ते काम कंटाळवाणं आहे, पण होण्यासारखं आहे.

तेव्हा एका वर्षात, इंग्रजी आणि मराठीच्या बळावर प्रबंध पुरा करायचा असेल तर मी 1983 घ्यायला सांगेन. मजकुराचं बारीक वाचन आवडत असेल आणि ‘बहुधा’ लिहायला संकोच नसेल तर 2016 आणि 2017 ची जोडी. 1961 फक्त भाषेची तयारी असलेल्याने, किंवा सुरक्षा परिषदेपुरता आखडून.

1961 सोडवतच नसेल तर आणखी एक वाट आहे: 1962 ते 1974, म्हणजे वकिलात नसतानाचा राजनय. तीन हजारांवर पोर्तुगीज युद्धकैदी मे 1962 मध्ये परत गेले, मोझांबिकमध्ये भारतीयांना डांबून त्यांची मालमत्ता गोठवली गेली, आणि बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनच्या तुरुंगात होते. ते सुटले जानेवारी 1969 मध्ये, आणि त्यासाठी सुधीर फडक्यांपासून पोपपर्यंत रदबदली चालली होती. शेवटी 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण मान्य केलं, त्या करारावर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांच्याबरोबर भारतातर्फे सही केली ती यशवंतराव चव्हाणांनी. रानडे प्रकरणावरचं मराठी साहित्य पुण्यात आणि गोव्यात आहे. सारांश लिहायच्या आधी मध्यवर्ती ग्रंथालयात 1968 आणि 69 च्या वर्तमानपत्रांच्या अंकांच्या फायली मागवून बघा, किती हाती लागतं त्यावर ठरवा.