जुनं मॉडेल इंजिन घ्यायचं तर कोणतं? ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन की जपानी

जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनाचा फोटो पाहिला की माणूस आधी रंगावर भाळतो आणि मग किंमत विचारतो. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: हे कोणत्या रुळावर चालतं, त्याला कसली वीज लागते, आणि त्याची मोटर मला नागपुरात बसून उघडता येईल का? इंजिन एकदाच घ्यायचं असतं. रूळ, ट्रान्सफॉर्मर आणि सुटे भाग मात्र त्याच्यामागे वर्षानुवर्षं घेत राहावे लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात पेचकस धरायची हौस असेल तर जुनं ब्रिटिश ट्रायँग घ्या. गाडी नुसती फिरताना पाहायची असेल तर जपानी काटो. भारतीय डिझेलसारखं काही उभं करायचं असेल तर अमेरिकन ॲथर्न. जर्मन मार्कलिन सुंदर आहे, पण ते घेणाऱ्याने त्याच घराण्यात नांदायची तयारी ठेवावी.

मापांचं थोडक्यात. ब्रिटिश 'ओओ' हे १:७६ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या शहात्तराव्या भागाएवढं; युरोप-अमेरिकेचं 'एचओ' १:८७ चं, पण दोन्हींचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचेच. 'एन'चे रूळ ९ मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओत ती १९ मिलिमीटरच्या थोडी वर भरते, १६.५ च्या रुळावर भारतीय इंजिन खालून जरा निमुळतं दिसणारच. आपल्याकडचे बहुतेक हौशी ते चालवून घेतात, तुम्हीही घ्या. जागेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. हॉर्नबीचं दुसऱ्या नंबरचं वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं, त्यामुळे फळी किमान साडेतीन फूट रुंद लागते. 'एन'मधलं काटोचं २४९ मिलिमीटरचं वळण दोन फुटांत बसतं. मनीषनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही चर्चा इथेच संपू शकते.

ब्रिटिश: ट्रायँग आणि हॉर्नबी डब्लो

हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये आलं. तेव्हा त्याला मधला तिसरा रूळ होता. दोन रुळांचं डब्लो १९५९ मध्ये आलं. १९६४ मध्ये ती कंपनी ट्रायँगच्या मालकांनी घेतली आणि पुढे दोघांचं नाव एक झालं. जुन्या बाजारात मात्र ते अजून दोन वेगळे प्राणी आहेत. डब्लो जड, ओतीव धातूचं, संग्राहकांचं लाडकं आणि म्हणून महाग. ट्रायँग प्लास्टिकच्या अंगाचं, स्वस्त आणि मुबलक. तिकडे छोटं 'जिंटी' टँक इंजिन साधारण १५ ते ३० पौंडांत मिळतं.

शिकायला मी ट्रायँग सुचवतो ते त्याच्या एक्स-०४ मोटरमुळे. सगळं उघड्यावर: लोहचुंबक, आर्मेचर (फिरणारी तारेची गुंडाळी), तिला वीज पोचवणारे दोन ब्रश आणि ते दाबून धरणारी एक स्प्रिंग. वीज कुठून आली आणि कुठे गेली हे बोट ठेवून दाखवता येतं. बंद पडलेल्या दहांपैकी बऱ्याच मोटरी नुसत्या साफसफाईने जाग्या होतात. जुनं ग्रीस सुकून रोगणासारखं कडक झालेलं असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचं. कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या गोलाच्या, तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटी लाकडी टूथपिकने मोकळ्या करायच्या, ब्रश झिजले असतील तर बदलायचे, आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब नको. तो कम्युटेटरवर जातो आणि पुन्हा काजळी.

एवढं करूनही मोटर सुसाट फिरते, तापते, पण डबे ओढत नाही, तर चुंबक दमलेलं असतं. मल्टिमीटर लावून पाहा. धडधाकट एक्स-०४ मोकळी फिरताना अर्ध्या ॲम्पिअरच्या आत राहते. त्याच्या वर गेली की शंका घ्या. उपाय दोन: चुंबक पुन्हा भारून घेणं, किंवा त्या जागी निओडिमियम चुंबकाचा तुकडा बसवणं. आणि एक सक्त सूचना. उत्साहाच्या भरात चुंबक मोटरीतून उपसून काढू नका. लोखंडी पट्ट्यांच्या बाहेर आलं की त्या काळच्या चुंबकाची ताकद लगेच घटते, आणि चांगली मोटर साफ करता करता अधू होते.

स्क्रूंचंही तसंच. या इंजिनांचे आटे 'बीए' या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे मेट्रिक स्क्रू त्यात जात नाहीत, आणि जबरदस्तीने घातले तर आटे मरतात. म्हणून उघडण्याआधी खाली पांढरा टॉवेल अंथरा. बुश झिजला असेल तर हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याला नमुना दाखवा. 'एवढुसाच?' म्हणून तो हसेल, आणि मग 'होते न भाऊ, काहून नाही होणार' म्हणून करूनही देईल.

ट्रायँगचे दोष काय? चाकांच्या कडा खोल असल्यामुळे नाजूक रुळांवर ती आतल्या खुंट्यांना ठोकत जातात. 'कोड १००' चे उंच रूळच घ्यावे लागतात. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या बॉडी सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या, त्या आक्रसतात, पिळवटतात. तसं वेडंवाकडं अंग सरळ करायच्या भानगडीत पडू नका. डिजिटल डिकोडर (कंट्रोलरचे आदेश वाचणारी चिप) लावायचा असेल तर एक ब्रश थेट चेसिसला जोडलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो. एवढ्याशा इन्सुलेशन नळीचं काम आहे, पण विसरलात तर डिकोडर जळतो.

डब्लो घेताना एकच गोष्ट दहा वेळा पाहा: ओतीव धातू. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली तर तो धातू वर्षागणिक आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या मालात हा रोग जास्त. चेसिस किंचित केळीसारखी वाकलेली दिसली, बारीक चिरा दिसल्या, तर तो सौदा सोडा. यावर औषध नाही.

जर्मन: मार्कलिन

१८५९ पासूनची ही कंपनी. १६.५ मिलिमीटरच्या गाड्या तिने १९३५ मध्ये आणल्या. धातूचं अंग, घट्ट बनावट, सुटे भाग आजही मिळतात. ३००० नंबरचं छोटं टँक इंजिन तर इतकं विकलं गेलं की जुन्या बाजारात ते सहज सापडतं. दुरुस्तीच्या दृष्टीने ट्रायँगच्या खालोखाल मी यालाच ठेवीन: बॉडी एका स्क्रूवर निघते, एक ब्रश कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा, दोन्ही सहज बदलता येतात.

पण विजेचा मामला पूर्ण निराळा आहे. मार्कलिन १६ व्होल्ट एसीवर चालतं. दिशा बदलायची तर २४ व्होल्टचा झटका देऊन आतला रिले उलटवायचा. त्याच्या चाकांना एकमेकांपासून इन्सुलेशन नसतं, म्हणून ते दोन रुळांच्या डीसी मांडणीवर ठेवलं की शॉर्ट. उलट, मार्कलिनसारखीच जुन्या डब्लोलाही वीज मधून मिळते म्हणून कुणी डब्लो मार्कलिनच्या रुळांवर ठेवलं, तर कायमच्या चुंबकाची ती डीसी मोटर नुसती गुरगुरते, तापते, आणि चुंबक मरतं ते वेगळंच. सेट स्वस्तात मिळतोय म्हणून जुना निळा ट्रान्सफॉर्मरही घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो २२० व्होल्टसाठी बांधलेला आहे आणि त्याची रबरी वायर आता कडक होऊन तडकलेली असू शकते. घरात लहान मुलं असतील तर तो शोभेलाच ठेवा.

नागपूरकरांसाठी आणखी एक अडचण, जी जर्मनीतल्या माणसाला सुचणारही नाही. मार्कलिनचे जुने 'एम' रूळ पत्र्याचे आहेत. एप्रिल ते जून आपण ज्या खोलीत कूलर लावून बसतो, त्याच खोलीत गाडी मांडली की वाळ्याची ओली हवा थेट त्या पत्र्यावर. पावसाळ्याआधीच गंज चढलेला दिसतो. खोलीत एसी असेल तरच या रुळांचा विचार करा. जुने पोलादी ब्रिटिश रूळही याच वाटेने जातात. निकेल-सिल्व्हरच्या रुळांना हा त्रास नाही.

अमेरिकन, आणि जाता जाता इटालियन

ॲथर्नची निळ्या खोक्यातली डिझेल इंजिनं दिसायला साधी, पण आतून राजस. मधोमध मोटर, दोन्ही बाजूंना फ्लायव्हील (वेग सारखा ठेवणारं जड चक्र), दोन्ही बोगींना, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यांना, ताकद. स्क्रूपेक्षा क्लिपा जास्त, त्यामुळे दहा मिनिटांत सगळं टेबलावर. चाकं जुनी भुकटी-लोखंडाची असतील तर ती लवकर काळवंडतात. निकेलच्या मुलाम्याची बसवली की इंजिन न अडखळता अगदी हळूही रांगायला लागतं. त्याच वर्गातल्या लाइफ-लाइक प्रोटो २००० मध्ये ॲक्सलवरचे प्लास्टिकचे गिअर तडकण्याची खोड प्रसिद्ध आहे. चालताना ठरावीक अंतराने टिक-टिक ऐकू आली की तेच. ॲथर्नचे गिअर त्यात चालतात, म्हणून हे मरणाचं दुखणं नाही; किंमत पाडायला उपयोगी.

आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं, आणि डब्ल्यूडीजी-४ चं तिथल्याच ईएमडीचं. त्यामुळे अमेरिकन चेसिसवर भारतीय बॉडी चढवणं हा बऱ्याच जणांचा मार्ग. हुबेहूब काही मिळत नाही. बोगींचं अंतर, हुडाची उंची, खिडक्या, सगळीकडे कापाकापी आहेच. रंग उतरवायला ब्रिटिश मंडळी डेटॉल वापरतात, आणि ते तर आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे. बॉडी निव्वळ डेटॉलमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, पण घासतानाही डेटॉलच वापरा. मध्येच पाणी लागलं तर सुटलेला रंग चिकट लगदा होऊन फटींत बसतो. पाणी आणि साबण अगदी शेवटी.

इटालियन लिमा स्वस्त आहे आणि स्वस्त का आहे ते चालवल्यावर कळतं. चपटी मोटर एकाच बोगीत, वीज घेणारी चाकं मोजकी, आवाज मिक्सरला लाजवणारा. मात्र प्रयोगाला उत्तम. तिकडे लोक ती मोटर काढून सीडी प्लेअरमधली बसवतात. बंद पडलेले सीडी प्लेअर आपल्याकडे भंगारात किलोने जातात. ती मोटर कमी व्होल्टेजची असते, तेव्हा रोधक जोडल्याशिवाय पूर्ण १२ व्होल्ट देऊ नका.

जपानी: काटो

काटोबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण त्यात बिघडतं कमी. पाच पोलांची मोटर, फ्लायव्हील, सगळ्या चाकांतून वीज. वीस वर्षं जुनं इंजिनही चाकं पुसली की चालतं. दुरुस्तीची हौस असलेल्याला हे कंटाळवाणं वाटेल. आणि खरंच काही तुटलं तर तो भाग तांदळाच्या दाण्याएवढा; चाळिशीनंतर भिंगाशिवाय हात लावू नये. तेलही प्लास्टिकला चालणारंच हवं.

धोका कंट्रोलरचा. जपानातला कंट्रोलर १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये सरळ खुपसला तर धूर. इंजिन तिकडून घ्या, कंट्रोलर इथला किंवा ब्रिटनचा.

तरीही नागपूरच्या माणसासाठी एन गेजमध्ये एक वेगळीच गंमत दडली आहे. आपल्या सातपुड्यातल्या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिलिमीटर. तिला ८७ ने भागा: ८.७६. म्हणजे १:८७ च्या बॉडीखाली ९ मिलिमीटरची एन चेसिस जवळजवळ अचूक बसते! ब्रॉडगेजला जो न्याय एचओत मिळत नाही, तो नागपूर–छिंदवाडा गाडीला मिळतो. बॉडी मोठी असल्यामुळे आत जागाही भरपूर. अंग फुटलेलं, पण यंत्र ठीक असलेलं एखादं दोन बोगींचं काटो डिझेल यासाठी उत्तम, आणि असं इंजिन संग्राहक घेत नाहीत म्हणून स्वस्तही. मोजमापं घ्यायला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय गावातच आहे. २००२ पासून उघडं आहे, आणि आता छिंदवाडा व नागभीडच्या जुन्या छोट्या गाड्या बंद झाल्यावर टेप लावायला दुसरीकडे कुठे जाणार?

कुठून घ्यायचं

परदेशातून लिलावात घेतलं तर निवड प्रचंड, पण किमतीत टपाल आणि सीमाशुल्क मिळवा. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल त्या सदरात धरलं गेलं तर २० पौंडांचं इंजिन घरी येईतो दुपटीच्या वर जातं. २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) प्रमाणपत्राचं बंधनही आहे, त्यामुळे पार्सल अडकून विचारणा होऊ शकते. नातेवाइकाच्या बॅगेतून एखादं येत असेल तर त्याला चिवड्याची पुडी पाठवून प्रसन्न ठेवा. देशातल्या हौशींकडून घेतलं तर निवड कमी, पण व्हिडिओ कॉलवर चालवून पाहता येतं, आणि ही सोय थोडे जास्त पैसे देण्याइतकी मोलाची आहे.

विक्रेत्याच्या भाषेत 'अनटेस्टेड' म्हणजे बहुधा 'लावून पाहिलं, चाललं नाही'. एक्स-०४ असेल तर तरीही घ्या, काटो असेल तर सोडा. फोटो नेहमी खालच्या बाजूचा मागा. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांशी ९० अंशांत हवेत. चाक ॲक्सलवर सरकलेलं असेल तर दांडे अडतात, आणि ते जुळवणं पहिल्या इंजिनावर शिकायचं काम नव्हे. पैसे देण्याआधी त्याच विक्रेत्याकडे ब्रशची जोडी, स्प्रिंग आणि रबरी ट्रॅक्शन टायर (चाक घसरू नये म्हणून त्यावर चढवायची कडी) आहेत का विचारा, आणि त्याच खोक्यात टाकायला सांगा. वजन काही ग्रॅमच, पण नंतर वेगळे मागवले तर त्यांच्या किमतीपेक्षा टपालच जास्त पडतं.