शाकाहारी पाकपुस्तक, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: मजकूर पक्का, बांधणी कच्ची

कडधान्यांचं आख्खं प्रकरण परवा सुटून हातात आलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की बदलून द्यायची मुदत संपली आहे आणि ही 'वापरामुळे झालेली झीज' आहे. पाकपुस्तक वापरायचं नसतं, हे आधी सांगायला हवं होतं.

पुस्तकात काय आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल, ते सोडून देतो. बांधणीबद्दल मात्र बोलणारच. एवढं जाड पुस्तक फर्मे (म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने शिवून बांधायला हवं. इथे फर्म्यांची पाठ कापून सुट्या पानांच्या कडेला गरम गोंद फासलाय. या प्रकाराला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात, नाव कोणी ठेवलं कोण जाणे. त्यात कागद गुळगुळीत आर्ट पेपरचा. त्याच्या लेपामुळे तेलाचा डाग सहज पुसला जातो, हे मान्य. पण त्याच लेपामुळे गोंदाला कागदाचे तंतू नीट धरता येत नाहीत. शिवाय हा गोंद उष्णतेने मऊ पडतो, आणि पाकपुस्तक उघडायची जागा म्हणजे शेगडीशेजारी! शिवलेलं पुस्तक सपाट उघडं राहतं. हे आपोआप मिटतं. मग त्यावर काहीतरी जड ठेवा, नाहीतर कणा दाबा. कणा दाबला की पानं सुटायला सुरुवात.

त्यातून अर्ध्या पाककृती पान उलटून पुढे जातात. साहित्य या बाजूला, कृती त्या बाजूला. पिठाच्या हातांनी पान उलटायचं कसं, हा प्रश्न मांडणी करणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

आता मजकूर. सुरुवातीला मी या पुस्तकावर वैतागलो होतो. प्रत्येक प्रकरणाआधी पानंच्या पानं नुसती माहिती. पाककृती हव्यात, व्याख्यान नको, असं वाटायचं. मत बदललं ते राजम्यामुळे. कच्च्या राजम्यात लेक्टिन गटातलं एक विषारी प्रथिन असतं. म्हणून तो किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो थेट शिजायला टाकला तर तेवढं तापमान गाठलं जाईलच असं नाही, आणि अर्धवट तापलेल्या राजम्याचा विषारीपणा उलट वाढू शकतो. माझ्याकडे नेमकं तेच भांडं आहे. त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

भिजवायच्या पाण्यात मीठ घाला, हेही तिथलंच. मिठाने साल कडक होते असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात मीठ सालीच्या पेक्टिनमधलं (सालीला घट्ट धरून ठेवणाऱ्या घटकातलं) कॅल्शियम काही अंशी हटवतं आणि साल लवकर मऊ होते. अडवतो तो आंबटपणा, म्हणून टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच. हे वाचल्यापासून माझी कडधान्यं एकसारखी शिजतात आणि गॅसही कमी जळतो. व्याख्यानाबद्दलची तक्रार मागे घेतली आहे.

मापांचं मात्र अजून पटलेलं नाही. सगळं कपात. कोणता कप? अमेरिकी कप साधारण 237 मिलिलिटरचा, मेट्रिक 250 चा. भाज्यांना काही फरक पडत नाही, पण केक-पावाच्या प्रकरणात पडतो. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास, दाबून भरला तर 150 किंवा जास्तच. ग्रॅम कुठेच दिलेले नाहीत. मी समासात पेन्सिलीने लिहीत बसतो. आणि कांदा 'दहा मिनिटांत गडद तपकिरी' होतो म्हणे. मंद आचेवर नीट गडद व्हायला पाऊण तास तरी हवाच. इतक्या काळजीने लिहिलेल्या पुस्तकात ही थाप कशाला?

सूचीला पैकीच्या पैकी गुण. अर्धं वांगं उरलंय, तर 'वांगं' काढा, सगळे पर्याय एका जागी मिळतात.

आता गंमत अशी, की सुटलेलं प्रकरण मी क्लिपने कपाटाच्या दाराला अडकवलं आणि ते पुस्तकापेक्षा जास्त सोयीचं निघालं. मिटत नाही, वजन ठेवावं लागत नाही, जागा अडवत नाही. त्यामुळे विक्रेत्याशी भांडण थांबवलं आहे (राग तसाच आहे). उरलेली प्रकरणंही ब्लेडने सोडवून, भोकं पाडून फायलीत लावायचा विचार आहे. पानांचे क्रमांक शाबूत असल्याने सूचीही चालत राहील.

नवीन घेणाऱ्यांनी आधी कण्याचं वरचं टोक बघावं. फर्म्यांच्या छोट्या छोट्या घड्या दिसल्या तर बहुधा शिवलेली प्रत, सरळ सपाट कड दिसली तर गोंदाची. शिवलेली मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. मी स्वतः दुसरी प्रत घेणार नाही, फाइल घरात पडून आहे. फक्त गोड पदार्थांच्या प्रकरणात आतला समास फारच अरुंद आहे, तिथे भोकं मजकुरात जातील की काय ते एकदा मोजून बघायचंय.